मत्स्यकन्येची मूळ गोष्ट
(नभोवाणीवरील भाषण)

मत्स्यकन्येची गोष्ट आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली असेल. समुद्राच्या तळाशी राहणारी राजकन्या वादळात बुडणाऱ्या राजपुत्राला वाचविते, त्याच्यासाठी आपली माशाची शेपटी टाकून माणसाचे पाय घेते, पुष्कळ संकटे सोसते आणि अखेरीस त्या दोघांचे थाटाने लग्न होते. वर्गात मोकळा तास मिळाला म्हणजे पाचवीच्या मुलांना मीही ही गोष्ट अनेक वर्षे अशीच सांगत आले. मूळ गोष्टीचा शेवट असा नाही, तो दुःखाचा आहे, एवढे माझ्या कानांवर आले होते. परंतु मुलांना आनंदी शेवट सांगितला म्हणून कोणाचे काय बिघडले, असे म्हणून मी त्याचा अधिक विचार केला नव्हता.

एका वर्षी माझ्या वर्गातील एका मुलीची आई पहिल्याच सत्रात वारली. काही दिवसांनी ती मुलगी पुन्हा शाळेत येऊ लागली. एका मोकळ्या तासाला वर्गाने गोष्टीचा आग्रह धरला, तेव्हा मी ही गोष्ट सांगावयास घेतली, आणि त्या मुलीकडे पाहून लग्नाचा प्रसंग नेहमीपेक्षाही रंगवून सांगितला. तास संपला. मुले बाहेर पडली. ती मात्र माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, गोष्ट अशी नाही. मामांनी मला पुस्तक दिलंय, त्यात निराळी आहे. तुम्ही शेवट का बदललात?"

मी म्हटले, "तो शेवट फार दुःखाचा आहे, बाळ."

"दुःखाचा आहे," ती म्हणाली, "पण त्यात ती फेस होऊन संपत नाही." एवढे बोलून तिने दप्तर उचलले आणि ती निघून गेली.

त्या दिवशी घरी जाताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मला लाज वाटली. जो शेवट मी बदलीत होते, तो मी स्वतः कधी वाचलाच नव्हता. न वाचताच मी तो मुलांना सोसणार नाही असे ठरविले होते. पुढच्या सुटीत मी ती गोष्ट मुळापासून वाचून काढली. डॅनिश भाषा मला येत नाही. तेव्हा जीन हरशोल्ट या जन्माने डॅनिश असलेल्या नटाने केलेले, १९४९ साली प्रसिद्ध झालेले संपूर्ण इंग्रजी भाषांतर मी हाती घेतले. त्या वाचनात मला काय आढळले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम 'मूळ गोष्ट' या शब्दांविषयी थोडेसे. सगळ्याच परीकथांना मूळ असे एकच रूप नसते. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी ज्या गोष्टी प्रसिद्ध केल्या, त्यांतल्या पुष्कळशा लोकांच्या तोंडून ऐकलेल्या होत्या, आणि त्यांनी स्वतःच त्यांत पुढे फेरफार केले. हिमगौरीचा छळ करणारी राणी १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. अशा गोष्टीचे मूळ रूप कोणते, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. मत्स्यकन्येच्या गोष्टीत तो प्रश्न येत नाही. ही कोणाही आजीची गोष्ट नव्हे. हान्स क्रिश्चन अँडरसन या डॅनिश लेखकाने ती स्वतः रचली, आणि ७ एप्रिल १८३७ रोजी कोपनहेगन येथे एका लहानशा पुस्तिकेतून ती प्रसिद्ध झाली. त्याच पुस्तिकेत दुसरी गोष्ट होती ती राजाच्या नव्या पोषाखाची. अँडरसन त्या वेळी बत्तीस वर्षांचा होता. ओडेन्से गावातील एका गरीब चांभाराचा तो मुलगा. त्याची आई लोकांचे कपडे धुऊन पोट भरीत असे. आपल्या कथेतील प्रत्येक वाक्य त्याने विचारपूर्वक लिहिलेले आहे. तेव्हा तिचा शेवट बदलणे म्हणजे एका माणसाने जे सांगितले, त्याच्या उलट त्याच्याच नावावर सांगणे होय.

आपण मराठीत तिला 'जलपरी' म्हणतो, परंतु परीपणाचे तिच्यात काहीच नाही. डॅनिश शब्दाचा अर्थ 'समुद्रातील स्त्री' एवढाच आहे. गोष्टीच्या आरंभी अँडरसन समुद्राची खोली सांगतो, ती चर्चच्या मनोऱ्यांनी मोजून. एकावर एक कितीतरी मनोरे रचावे, तेव्हा तळापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचता येईल, इतके ते पाणी खोल आहे. तेथे समुद्राच्या राजाच्या सहा मुली राहतात. त्यांची आई नाही; म्हातारी आजी त्यांचा सांभाळ करते. पंधरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे प्रत्येकीला पाण्यावर जाऊन जग पाहण्याची परवानगी मिळते. बहिणी एकेका वर्षाच्या अंतराने लहान असल्यामुळे सर्वांत धाकटीला सर्वांत अधिक वाट पाहावी लागते. तिची पाळी येते त्या दिवशी आजी तिच्या शेपटीला आठ मोठे कालव चिकटविते, कारण राजघराण्यातील मुलीचा मान तसाच असतो. ते दुखतात असे ती सांगते, तेव्हा मोठेपणासाठी थोडे सोसावे लागते, असे आजी तिला समजावते. मुलगी मनात म्हणते की, हे सारे दागिने टाकून देता आले तर किती बरे! पुढे ती जे सोसणार आहे, त्याची ही पहिली चाहूल आहे. आणि संक्षिप्त पुस्तकांतून हा प्रसंग हटकून गाळलेला असतो.

परंतु खरा फरक पुढे आहे. राजपुत्राला वाचवून परत आल्यावर ती आजीला एक प्रश्न विचारते: माणसे बुडाली नाहीत, तर ती कायमची जगतात काय? आजी सांगते की, माणसेही मरतात आणि त्यांचे आयुष्य तर आपल्याहून थोडे असते. आपण तीनशे वर्षे जगतो. परंतु मेलो म्हणजे पाण्यावरचा फेस होतो, आपल्यामागे थडगेसुद्धा राहत नाही. माणसाला मात्र अमर आत्मा असतो. शरीराची माती झाल्यावरही तो उरतो आणि वर जातो. हे ऐकून मत्स्यकन्या म्हणते की, एकच दिवस माणूस होऊन त्या स्वर्गीय जगात मला वाटा मिळत असेल, तर माझी तीनशे वर्षे मी देऊन टाकीन.

श्रोतेहो, येथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. आजवर मी जी गोष्ट सांगत होते, ती एका मुलीला नवरा कसा मिळाला याची होती. अँडरसनची गोष्ट एका मुलीला आत्मा हवा होता, याची आहे. राजपुत्रावर तिचे प्रेम आहे, हे खरेच. परंतु चेटकिणीकडे ती जाते ती दोन गोष्टींसाठी: राजपुत्र आणि अमर आत्मा. आजीने तिला सांगितलेले असते की, एखाद्या माणसाने तुझ्यावर आईबापांहून अधिक प्रेम केले आणि धर्मगुरूने त्याचा हात तुझ्या हातात दिला, तरच त्याच्या आत्म्याचा अंश तुला मिळेल. आमच्याकडच्या पुस्तकांनी, आणि १९८९ साली निघालेल्या डिस्नेच्या प्रसिद्ध चित्रपटानेही, हे आत्म्याचे प्रकरण काढून टाकले आहे. ते काढले म्हणजे लग्न हा एकच शेवट उरतो, कारण मग तिला दुसरे काही हवेच नसते.

तिने दिलेली किंमतही आपण हलकी करून सांगतो. चित्रपटात तिचा आवाज एका शिंपल्यात बंद होतो आणि शेवटी परत मिळतो. मूळ गोष्टीत चेटकीण तिची जीभ कापून घेते, आणि ती परत मिळत नाही. पाय मिळतात, परंतु प्रत्येक पाऊल धारदार सुऱ्यांवर टाकल्यासारखे दुखते. ती इतक्या सुंदर रीतीने चालते आणि नाचते की सारा दरबार पाहत राहतो. तिला काय होत आहे, हे कोणालाच कळत नाही आणि तिला सांगता येत नाही. रात्री सारे निजले म्हणजे ती संगमरवरी पायऱ्या उतरून समुद्राच्या थंड पाण्यात आपले पाय ठेवते. तेव्हा दूरवर तिच्या बहिणी पाण्यावर येऊन गातात.

राजपुत्र दुष्ट नाही. तो तिला आपली सापडलेली पोर म्हणतो, आपल्या दाराबाहेर मखमली उशीवर झोपू देतो, घोड्यावरून हिंडविता यावे म्हणून मुलाचा पोषाख शिवून देतो. तिच्यावर त्याची माया आहे. परंतु तिला राणी करावी, हे त्याच्या मनातही येत नाही. आपल्याला किनाऱ्यावर एका मुलीने वाचविले, असे तो समजतो. आणि ती मुलगी म्हणजे शेजारच्या राजाची कन्या निघते, तेव्हा तो आनंदाने तिच्याशी लग्न करतो. ज्या मुक्या मुलीने त्याला खरोखर वाचविले, ती नववधूच्या पोषाखाचा पदर धरून चर्चमध्ये उभी असते. या सगळ्यात कोणाचाही अपराध नाही. मुलांना अन्याय लवकर कळतो. परंतु कोणीही वाईट नसताना एखाद्याच्या वाट्याला दुःख येते, हे त्यांना कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरी ते घडलेले असते, त्यांना मात्र ते आमच्याआधी ठाऊक असते.

आता त्या रात्रीचा प्रसंग. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच तिचा फेस व्हावयाचा आहे. लग्नाच्या जहाजावर ती शेवटचे नाचते. पहाटेच्या सुमारास तिच्या पाच बहिणी पाण्यावर येतात. त्यांचे लांब केस नाहीसे झालेले असतात. ते त्यांनी चेटकिणीला देऊन तिच्याकडून एक सुरी आणलेली असते. सूर्योदयापूर्वी ही सुरी राजपुत्राच्या काळजात खुपस, त्याचे रक्त तुझ्या पायांवर पडले की तुला पुन्हा शेपटी येईल आणि तुझी तीनशे वर्षे तुला परत मिळतील, असे त्या सांगतात. दुःखाने आजीचे पांढरे केससुद्धा गळून गेले आहेत, असेही त्या सांगतात. मत्स्यकन्या तंबूचा पडदा बाजूला सारते. राजपुत्र झोपेत आपल्या वधूचे नाव घेत असतो. सुरी तिच्या हातात थरथरते. मग ती सुरी समुद्रात दूर फेकून देते आणि स्वतः पाण्यात उडी घेते.

लग्नाचा शेवट जोडला म्हणजे हा प्रसंग गळतो. आपल्याला वाटते, आपण मुलांपासून दुःख लपविले. वस्तुतः तिने केलेली सर्वांत मोठी गोष्ट आपण लपविलेली असते. तोवर तिने जे जे दिले, ते काहीतरी मिळावे म्हणून दिले होते. त्या पहाटे काही मिळण्याची आशा उरलेली नव्हती, आणि तरीही तिने दुसऱ्याचा जीव घेतला नाही.

मग ती फेस होते काय? होय, होते, आणि त्या मुलीने मला सांगितले त्याप्रमाणे तेथेच संपत नाही. त्या फेसातून ती वर उचलली जाते आणि हवेच्या कन्यांमध्ये जाऊन मिळते. या कन्यांनाही आत्मा नसतो, परंतु तो सत्कृत्यांनी मिळविता येतो. उष्ण देशांत रोगट हवेने माणसे मरतात, तेथे त्या गारवा घेऊन जातात आणि फुलांचा सुगंध पसरवितात. असे तीनशे वर्षे केले म्हणजे त्यांना अमर आत्मा लाभतो. गोष्टीच्या आरंभीच अँडरसनने सांगून ठेवलेले असते की, मत्स्यकन्यांना अश्रू नसतात, म्हणून त्यांना दुःख अधिकच होते. शेवटी ती सूर्याकडे पाहते, आणि आयुष्यात प्रथमच तिच्या डोळ्यांत पाणी येते. जहाजावर राजपुत्र आणि त्याची वधू तिला शोधीत फेसाकडे खिन्नपणे पाहत असतात. कोणाला न दिसता ती वधूच्या कपाळाचे चुंबन घेते, राजपुत्राकडे पाहून हसते आणि वर निघून जाते.

हा शेवट अँडरसनने मागाहून चिकटविला, अशी शंका काहींना येते. ती खरी मानता येत नाही. कथा लिहीत असताना त्याने तिला जे नाव योजिले होते, तेच मुळी 'हवेच्या कन्या' असे होते. फ्रीड्रिख द ला मोट फूके या जर्मन लेखकाची 'उंडीने' ही कथा १८११ साली प्रसिद्ध झाली होती. तिच्यात जलकन्येला माणसाशी लग्न झाल्याने आत्मा मिळतो. फेब्रुवारी १८३७ मध्ये आपले स्नेही कवी इंगेमान यांना लिहिलेल्या पत्रात अँडरसनने स्पष्ट म्हटले आहे की, आत्मा मिळणे हे दुसऱ्या कोणाच्या प्रेमावर अवलंबून ठेवणे आपल्याला पटत नाही, म्हणून आपण आपल्या मत्स्यकन्येला निराळी वाट दिली. मी ख्रिस्ती असल्यामुळे हे मला अधिक भावले असेल. आत्मा हे परमेश्वराचे दान आहे, असे लहानपणापासून शिकत आले. नवऱ्याच्या पसंतीवर तो मिळावा किंवा हुकावा, ही कल्पना मलाही मानवत नाही.

मात्र मूळ म्हणून सारेच मी डोके लववून मान्य करते, असे नाही. अगदी अखेरीस अँडरसन मुलांना सांगतो की, गुणी मूल दिसले की हवेच्या कन्यांचे एक वर्ष कमी होते, आणि वाईट वागणारे मूल दिसले की त्या रडतात व प्रत्येक अश्रूगणिक एक दिवस वाढतो. हे मला मुळीच आवडले नाही. जिने आपला हात रोखून एवढे मोठे कृत्य केले, तिची मुक्ती एखाद्या पोराच्या खोडीवर टांगून ठेवणे बरे नव्हे. मुलांना वळण लावण्याच्या नादात आम्ही शिक्षक अशा चुका नेहमी करतो, म्हणून ती माझ्या चटकन लक्षात आली असावी. परंतु ही तक्रारही मूळ गोष्ट वाचल्यामुळेच करता आली.

पुढच्या वर्षी मी ही गोष्ट पाचवीच्या वर्गात पुरतेपणी सांगितली. तीन मोकळे तास लागले. जीभ कापण्याचा प्रसंग मी एका वाक्यात सांगितला, त्यावर रेंगाळले नाही. सुरीच्या प्रसंगी वर्ग अगदी शांत झाला. मग एका मुलीने विचारले, "बाई, तिने सुरी का फेकली? तिला कोणी पाहत नव्हतं. राजपुत्राला तर काही कळलंच नसतं." मी काही बोलण्यापूर्वीच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पण तिला कळलं असतं ना!" दुसरा एक जण म्हणाला की, तीनशे वर्षे पुण्य करावयाचे आणि मग मोक्ष मिळवावयाचा, असेच ना हे? मी म्हटले, शब्द निराळे आहेत, परंतु तुला समजले आहे. त्या खोड्यांच्या हिशोबाविषयी मी विचारले, तेव्हा निम्म्या वर्गाने तो अन्याय आहे असे सांगितले. कोणी रडले नाही, असे मी म्हणणार नाही. दोघी-तिघींनी डोळे पुसले. पण दुसऱ्या दिवशी त्याच मुलींनी ती गोष्ट पुन्हा सांगण्याचा आग्रह धरला.

पालकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती एवढीच आहे. अगदी लहान मुलांना ही गोष्ट सांगण्याची घाई करू नये. सांगण्यासारख्या दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सांगावयाची असेल, तर आधी आपण ती पूर्ण वाचावी. वेळ थोडा असेल तर समुद्रातील बागा आणि राजवाड्यांची वर्णने कमी करावी, परंतु आजीचे बोलणे, सुरी आणि शेवट यांना हात लावू नये. आणि काही बदललेच, तर 'हे मी बदलले आहे' असे मुलांना सरळ सांगावे. मूल पुढे कधीतरी ती गोष्ट वाचणारच असते, आणि आपण त्याला किती लहान समजत होतो, हे त्याला त्या दिवशी कळते.

कोपनहेगनच्या बंदरात या मत्स्यकन्येचा ब्राँझचा पुतळा आहे. एडवर्ड एरिक्सेन या शिल्पकाराने तो घडविला आणि १९१३ साली तो तेथे बसविण्यात आला. तो जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. मी तो चित्रातच पाहिला आहे. ती एका खडकावर बसली आहे आणि तिची मान किंचित खाली झुकलेली आहे. तिचे लग्न झाले असते, तर तिला तेथे अशी बसविण्याचे कोणाला कारण पडले नसते.

ज्या मुलीने मला तो प्रश्न विचारला, ती आता शाळा सोडून गेली आहे. त्या दिवशी तिला मी नीट उत्तर दिले नाही. ते आज दिले आहे, असे समजून माझे भाषण पुरे करते.